बालाघाटचं उतावळं

माणसाची ओळख करून देताना आपल्याकडे आधी गाव सांगतात, मग कूळ आणि शेवटी गुण-अवगुण. सीताफळाची ओळखही त्याच क्रमाने करून द्यावी, कारण त्याच्या बाबतीत गाव हेच अर्धं भांडवल आहे.

गाव म्हणजे बालाघाट. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी पठारावर येते आणि पुढे चौसाळ्यापर्यंत मुरमाड टेकड्या सोबत करतात. सखल भागात काळं रान; त्यात सोयाबीन, तूर, कापूस आणि हंगाम फिरला की ज्वारी. टेकडीवर मात्र पेरण्याजोगं काही नाही. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पत्थर. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. अशा जागी कुणी मुद्दाम झाड लावत नाही. सीताफळ तिथे आपणहून राहायला आलं. गायरान, बांध, नाल्याचा काठ, वनखात्याची हद्द, पडक्या वाड्याचा चौथरा, धारूरच्या किल्ल्याभोवतीचा डोंगर. जिथे दुसऱ्या कुणी हक्क सांगितला नाही तिथे त्याने बूड टेकलं. सातबाऱ्यावर नोंद नसलेलं हे बिऱ्हाड इतकं जुनं आहे, की बीडची माणसं त्याला मूळची इथलीच समजतात.

कूळ पाहायला गेलं तर ते समुद्रापार निघतं. वेस्ट इंडीज आणि अमेरिका खंडाचा उष्ण पट्टा हे त्याचं माहेर. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्याकडे आलं, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भारहुतच्या शिल्पांत सीताफळ कोरलेलं आहे, तेव्हा ते त्याआधीपासून इथे असणार, असा दावा अलेक्झांडर कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात केला होता. त्यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली. सीताफळाने त्या वादात कधी भाग घेतला नाही. रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ या चुलत भावंडांसह ते रामायणात जाऊन बसलं आणि परकेपणाचा प्रश्नच मिटवून टाकला.

कॉफीही अशीच बाहेरची. सतराव्या शतकात बाबा बुदान नावाच्या सूफी फकिराने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा सांगतात. आज त्या डोंगराला त्यांचंच नाव आहे. आपल्या महाराष्ट्रात कॉफीची झाडं बघायची तर मेळघाटात चिखलदऱ्याला जावं लागतं. बीडमध्ये कॉफी भेटते ती स्टीलच्या पेल्यात, पाहुणा जरा वरचा असला तर. तरीही सीताफळाच्या चरित्रात कॉफी आणावी लागते. गाव विकून पैसा कसा करायचा, हा धडा जगाला तिने घालून दिला आहे. त्या धड्याकडे वळण्याआधी सीताफळाचा स्वभाव समजून घेतलेला बरा.

पहिला गुण चिवटपणा. फाल्गुन-चैत्रात झाड पानं टाकून देतं आणि दोन-अडीच महिने काटक्यांचा भारा होऊन उभं राहतं. नवख्या माणसाला वाटावं, वाळलं. पाणी नाही, खत नाही, आळं नाही. शेळी, जी बाभळीचे काटे चुकवून पाला ओरबाडते, ती सीताफळाच्या पानाला तोंड लावत नाही. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, आणि तेवढा इशारा जनावराला पुरतो. बी तर विषारीच. तिची पूड केसांतल्या उवांवर वापरायची जुनी रीत आहे, आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांचं नुकसान होतं, हेही जुन्या बायकांना ठाऊक असतं. पानात वास, बियांत विष आणि मधल्या गरात भरपूर साखर, असा हा बंदोबस्त. ज्या डोंगरावर गुरं सगळं खाऊन मोकळी होतात, तिथे सीताफळ टिकलं ते या बंदोबस्तामुळे.

दुसरा गुण लाजाळूपणा. मृगाचा पाऊस पडला की कोवळ्या फुटीबरोबर कळ्या येतात. पण फूल शोधावं लागतं. तीन जाड, हिरवट-पिवळ्या पाकळ्यांचं, पानांखाली तोंड लपवून खाली मान घातलेलं. ना रंग, ना रुबाब. त्यात त्याचं घरचं वेळापत्रक आडमुठं: फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो, परागकण नंतर सुटतात. एकाच फुलात दोघांची गाठ क्वचितच पडते. मधमाशीला या फुलात रस नाही. तिथे येतात बारीक भुंगेरे. ते एका फुलातून दुसऱ्यात शिरतात आणि जमेल तेवढं काम उरकतात. बहुतेक फुलं नुसतीच गळतात. जूनमध्ये पाऊस ओढ देऊन कोरडा वारा सुटला तर गळ आणखी वाढते. सीताफळाच्या अंगावरचा प्रत्येक डोळा म्हणजे मुळात एक वेगळं फळ. फुलातले अनेक बीजकोश एकत्र वाढून त्यांचं एक सीताफळ होतं. ज्या बाजूला परागकण पोचले नाहीत ती बाजू खुरटते. वाकडं, एका अंगाने दबलेलं सीताफळ हातात आलं की समजावं, भुंगेऱ्याने अर्ध्यात काम सोडलं होतं.

आता अवगुण. तो एकच आहे, पण त्याने सीताफळाची सगळी कारकीर्द ठरवली आहे: उतावळेपणा.

फूल लागल्यापासून साधारण चार महिने ते शांतपणे वाढतं. मग गणपती-नवरात्राच्या सुमाराला डोळे पसरट होतात आणि दोन डोळ्यांमधली खाच पांढुरकी, पिवळसर दिसू लागते. बीडकडे म्हणतात, फळाने डोळा उघडला. तो उघडण्याआधी तोडलं तर फळ पिकत नाही, दगड होऊन बसतं. उघडल्यावर झाडावर ठेवलं तर तिथेच मऊ पडून फुटतं आणि खारी, वटवाघळं, माकडं यांची सोय होते. बरोबर वेळी तोडलं, की तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या दिवशी फळ घट्ट, तिसऱ्या दिवशी अंगठ्याखाली दबणारं, चौथ्या दिवशी उचलावं तर देठ हातात आणि गर पाटीत. आंबा आठवडाभर अढीत राहील, डाळिंब महिना काढेल. सीताफळाला थांबणं ठाऊक नाही.

या उतावळेपणाशी रोज व्यवहार करतात त्या डोंगराकाठच्या बाया. उजाडायच्या आत डोंगर चढायचा, डोळा बघून फळ उतरवायचं, पाटीत खाली सीताफळाचाच पाला घालून रचायचं आणि उन्हं तापायच्या आधी रस्त्यावर येऊन बसायचं. सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या हे त्यांचं गिऱ्हाईक. पाटीत घट्ट फळं एकीकडे आणि मऊ एकीकडे. गाडीची काच खाली झाली की भाव सांगण्याआधी प्रश्न येतो, “दादा, आजच खायाचेत का घरी न्यायाचेत?” आज खायची तर या बाजूची, उद्यासाठी मधली, मुंबईला न्यायची तर ही दगडासारखी लागणारी. गिऱ्हाईकाने स्वतः दाबून बघायला हात घातला तर बाई हात धरते, कारण एक बोट जोरात लागलं की तिथे काळा डाग पडतो आणि फळ तिच्या गळ्यात राहतं.

या प्रश्नात जेवढं शास्त्र आहे तेवढं एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालात मावेल. कॉफीच्या जगात पेल्यातून चव घेऊन शंभरपैकी गुण देणारे परीक्षक असतात. त्यांना प्रशिक्षण, परीक्षा, परवाना, मानधन. ऐंशीच्या वर गुण पडले की ती कॉफी खास दर्जाची ठरते आणि भाव बदलतो. सीताफळाची परीक्षक चौसाळ्याच्या रस्त्याकडेला डोक्यावर पदर घेऊन बसलेली असते. अंगठ्याच्या दाबावरून ती फळाचं उरलेलं आयुष्य सांगते, आणि या विद्येचे तिला वेगळे पैसे कुणी देत नाही.

हंगामाची वेळही नेमकी आहे. दसरा-दिवाळी झाली की बीडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन निघतात. ट्रॅक्टर, ट्रक भरभरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती चार-सहा महिने ऊस तोडून फेडायची. त्याच्या ऐन तोंडावर सीताफळ येतं. लेकराचे कपडे, दिवाळीचं तेल, दुकानाची जुनी बाकी, म्हाताऱ्या माणसांसाठी घरात ठेवायचं धान्य, यातलं काही ना काही या फळावर निघतं. उचल फेडावी लागते, सीताफळाचे पैसे फेडावे लागत नाहीत. म्हणून या कोरड्या जिल्ह्यात त्याची किंमत नुसती किलोवर सांगता येत नाही.

आता कॉफीचा धडा. 1989 साली कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, निर्यातीचे कोटे गेले आणि भाव कोसळले. ब्राझीलचा शेतकरी असो वा युगांडाचा, त्याच्या मालाला एकच नाव होतं, कॉफी, आणि भाव न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारात ठरायचा. त्याआधी 1974 मध्ये एर्ना क्नुत्सेन या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी व्यापारी बाईंनी एक कल्पना मांडली होती: विशिष्ट जागेच्या हवामानात वाढलेल्या दाण्याला विशिष्ट चव येते, आणि त्या चवीचे वेगळे पैसे घेता येतात. भाव पडल्यावर ही कल्पना उत्पादक देशांना आठवली. 1999 मध्ये ब्राझीलमध्ये उत्तम कॉफीची स्पर्धा भरवून तिथले निवडक लॉट लिलावात विकले गेले. पुढे पनामातल्या एका मळ्याने 2004 च्या स्पर्धेत ‘गेशा’ नावाचं दुर्लक्षित वाण मांडलं आणि त्याला मिळालेल्या भावाने व्यापाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. इथिओपियाने 2005 पासून यिर्गाचेफे, सिदामो, हरार या आपल्या भागांची नावं अमेरिकेत नोंदवायला घेतली. स्टारबक्सशी वाजलं आणि 2007 मध्ये समझोता झाला. आपल्याकडे आंध्रातल्या अराकू खोऱ्याच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी 2017 मध्ये पॅरिसमधल्या स्वतःच्या नावाच्या दुकानात जाऊन बसली. या सगळ्यांनी केलं एकच: मालाआधी गाव विकलं.

बालाघाटच्या सीताफळानेही तेच करायचं ठरवलं. बालाघाट सीताफळ संघाने अर्ज केला आणि 2016 मध्ये ‘बीड सीताफळ’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमाराला जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आंबा, सोलापूरचं डाळिंब, पुरंदरचं अंजीर यांचीही नावं या यादीत लागली. गायरानावर वाढलेल्या, जन्मनोंद नसलेल्या या फळाला सरकारी दाखला मिळाला. आता बीडबाहेरच्या सीताफळाला बीडचं म्हणून विकणं कायद्याने गुन्हा झाला.

पण दाखला मिळाला म्हणून नोकरी लागत नाही. मानांकनाचं नाव वापरायचं तर प्रत्येक शेतकऱ्याने, गटाने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. दाखला दहा वर्षांचा, मग नूतनीकरण. आणि ज्या बाईने डोंगरावरून फळ आणलं तिच्या नावावर ना बाग, ना सातबारा. तिने अर्जात गट नंबर कोणता लिहायचा?

समजा तेही जमलं. पुढे सीताफळाचा स्वभाव आडवा येतो. कॉफीचा दाणा वाळवून ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणला की पोत्यात पडून महिनोन्महिने थांबतो. बोटीने जातो, गोदामात झोपतो, परीक्षकाची वाट बघतो, लिलावाची तारीख सांभाळतो. जगातला हा सगळा खास कॉफीचा व्यापार दाण्याच्या धीरावर उभा आहे. सीताफळाला लिलावाची तारीख सांगितली तर ते आदल्या दिवशीच फुटून मोकळं होईल.

थंडीत ठेवावं, असं कुणालाही वाटेल. नाशिक-सांगलीच्या द्राक्षाने तेच केलं. 1991 मध्ये सुरू झालेल्या महाग्रेप्स या निर्यात संस्थेच्या काळापासून द्राक्ष पूर्वशीतन, म्हणजे तोडल्याबरोबर थंड होणं, शिकलं आणि बोटीने युरोप गाठू लागलं. सीताफळाला मात्र थंडी सोसत नाही. बारा-तेरा अंशांच्या खाली ठेवलं की साल काळी पडते आणि बाहेर काढल्यावर फळ नीट पिकत नाही. डोंगरावरसुद्धा कार्तिकाची थंडी पडली की मागास फळं अशीच दगडासारखी, काळपट होऊन लटकत राहतात. बारा-तेरा अंशांहून वर ठेवलं तर सीताफळ थोडा उशीर करतं, इतकंच. म्हणून ताजं सीताफळ परदेशी जायचं ते विमानाने, आणि विमानाचं भाडं फळाच्या भावाला गिळून टाकतं. आखाती देशांपर्यंत ते पोचू शकतं. त्यापलीकडे प्रत्येक मुलखाचे कीडरोगांचे नियम वेगळे. हापूसला अमेरिकेचं दार उघडायला 2007 उजाडलं, तेही लासलगावला विकिरण करून घेतल्यावर.

किडीचं म्हणाल तर सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचा ही पिठ्या ढेकणाची आवडती जागा. कापसासारखा पांढरा थर, बाहेरून पुसला तरी खाचेत शिल्लक. ती कीड केवढा घोळ घालते हे तैवानला विचारावं. तिथल्या तैतुंग भागात सीताफळाच्या जातकुळीतल्या फळाची मोठी शेती आहे. शेतकरी हाताने परागीकरण करतात, छाटणी करून हंगाम पुढे-मागे करतात; आणि निर्यातीचा जवळजवळ सगळा माल चीनला जायचा. सप्टेंबर 2021 मध्ये चीनने पिठ्या ढेकणाचं कारण देऊन ही आयात थांबवली. तैवानने त्यामागे राजकारण असल्याचं म्हटलं. कारण काहीही असो, फळं झाडावर होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. 2023 मध्ये तैतुंगसाठी दार पुन्हा उघडलं, तेही निवडक बागांसाठी. एकाच गिऱ्हाइकावर विसंबून निर्यात वाढवली की काय होतं, हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही. उलट स्पेनमध्ये ग्रॅनडा-मालागाच्या किनारपट्टीने आपल्या सीताफळाच्या भावंडाला, चिरिमोयाला, गावाच्या नावाचं संरक्षण मिळवलं आणि तिथलं फळ मुख्यतः स्पेनमध्येच खाल्लं जातं. नावाची किंमत घरच्या बाजारातही करता येते, हे स्पेनने दाखवलं.

सीताफळाला आणखी एक जन्म आहे, आणि तो थंडीतच आहे. फळ नाही, गर. पिकलेलं फळ फोडायचं, गर काढायचा, बिया वेगळ्या करायच्या आणि तो झटक्यात गोठवून उणे अठरा अंशांखाली ठेवायचा. उष्णतेने टिकवायचं म्हटलं तर इथेही नखरा: तापवला की गर कडवट होतो. उघडा राहिला की तपकिरी पडतो. म्हणून फळ फोडल्यापासून गोठेपर्यंतचा वेळ जितका कमी तितका गर पांढरा आणि पैसा जास्त. गोठवलेला गर मात्र वर्षभर थांबतो. उतावळ्याला धीर शिकवायची ही सापडलेली रीत.

हा गर जातो कुठे, हे शहरातल्या वाचकाला सांगायला नको. रबडी, बासुंदी, मिल्कशेक आणि मुख्य म्हणजे आइस्क्रीम. 1984 मध्ये रघुनंदन कामत यांनी जुहूला नॅचरल्सचं दुकान काढलं तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या मोजक्या स्वादांत सीताफळ होतं. बियांच्या कटकटीने फळाला नाकं मुरडणारी पिढी तेव्हापासून सीताफळाच्या प्रेमात पडली. आज लग्नाच्या पंगतीत सीताफळ रबडी ही प्रतिष्ठेची खूण आहे. फळाच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी बढती, आणि ती कुठल्याही सरकारी योजनेतून आलेली नाही. गोम एवढीच, की डब्यावर ‘सीताफळ’ छापलेलं असतं, गाव छापलेलं नसतं. कॉफीच्या पाकिटावर डोंगर, मळा, समुद्रसपाटीपासूनची उंची, वाण, वाळवण्याची पद्धत, सगळी कुंडली असते. सीताफळाच्या डब्यात बालाघाट आहे की आणखी कुठला डोंगर, हे खाणाऱ्याला कळायला मार्ग नाही. आणि जे कळत नाही त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

दरम्यान घराण्यात एक देखणा पुतण्या वाढला आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी आपल्या बागेतून निवडलेलं ‘एनएमके-1 गोल्डन’ हे वाण. फळ मोठं, बिया कमी, गर जास्त, हंगाम उशिराचा, झाडावर तडकत नाही आणि तोडल्यावरही गावठीपेक्षा दोन-चार दिवस जास्त थांबतं. व्यापाऱ्याला हवं ते सगळं या पुतण्याकडे आहे. गेल्या काही वर्षांत ठिबक, छाटणी, ताण आणि बहार यांच्या हिशेबाने या वाणाच्या बागा उभ्या राहिल्या, बालाघाटाच्या कुशीतही राहिल्या. शेतकऱ्याने ते लावलं यात त्याचं काही चुकलं नाही. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने डोंगरातल्याच झाडांमधून ‘धारूर-6’ निवडलं, तोही तसाच प्रयत्न: घरच्याच रक्ताचं, पण जरा शिस्तीचं पोर.

खरी अडचण पुढेच आहे. गावाच्या नावाचा दाखला मिळाला तो डोंगरातल्या गावठी फळाला: लहान, बियांनी भरलेलं, रवाळ गराचं आणि अतिगोड. उद्या बालाघाटावर सगळीकडे गोल्डनच झालं, तर ‘बीड सीताफळ’ म्हणून जे विकलं जाईल ते बार्शीत, फलटणला, सौराष्ट्रात कुठेही पिकवता येईल. मग गावाच्या नावाला अर्थ काय उरला? कॉफीवाल्यांनाही हा पेच पडला होता. जास्त उत्पन्नाच्या जाती लावाव्यात, की जुन्या, कमी पिकणाऱ्या पण चवीच्या जाती सांभाळाव्यात? पनामाच्या त्या मळ्याने दुर्लक्षित वाण वेगळं ठेवलं, वेगळं चाखलं, वेगळं विकलं, तेव्हाच त्याला भाव आला. बालाघाटाला दोन्ही हवेत, पण दोन्ही वेगवेगळ्या पाटीत हवेत. रस्त्यावरच्या बाईने घट्ट आणि मऊ फळं वेगळी ठेवली आहेतच. आता गावठी आणि बागेचं वेगळं ठेवायचं काम संघाने करावं.

निर्यातीचं स्वप्न बघावं की नाही? बघावं, पण फळाचा स्वभाव धरून. ताजं सीताफळ लंडनला पाठवण्याचा हट्ट सोडावा. ताज्या फळाचं जग पुणे, मुंबई, हैदराबादपर्यंतच आहे आणि ते काही लहान नाही. परदेशी पाठवायचा तो गर, आणि तो गोठवायची यंत्रणा पुण्या-मुंबईजवळ असून उपयोग नाही. ती चौसाळ्याला, धारूरला, पाटोद्याला, म्हणजे डोंगरापासून तासाभराच्या आत हवी. नाहीतर वाटेत निम्मं फळ फुटणार आणि उरलेल्याचा भाव व्यापारी ठरवणार. गर काढायचं काम हाताचं आहे. दोन महिन्यांचा हंगाम असला तरी त्यात शेकडो बायांना सावलीत बसून मजुरी मिळू शकते. त्याने ऊसतोड थांबणार नाही. पण मुकादमाकडून घ्यायची उचल जरा कमी घेता येईल, आणि बीडमध्ये ‘जरा’ या शब्दाला फार वजन आहे.

डोंगरावरून फळ आणणाऱ्या बाईला मानांकनाच्या नोंदीत जागा मिळायला हवी, मग तिच्याकडे सातबारा असो वा नसो. बचत गटाच्या नावाने ती देता येईल. डोळा कधी उघडला हे तिला कळतं, आणि निर्यातीच्या सगळ्या साखळीत चुकून चालणार नाही अशी जागा तीच आहे. कच्चं तोडलेलं फळ कुठलंही यंत्र गोड करू शकत नाही.

राहिला वाचक. तुम्ही सीताफळाची रबडी, आइस्क्रीम, गोठवलेला गर विकत घेताच. पुढच्या वेळी डबा उलटा करून त्यावर गाव लिहिलंय का बघा, आणि नसेल तर दुकानदाराला विचारा, फळ कुठलं? त्याला उत्तर देता येणार नाही. पण हा प्रश्न दहा दुकानांत दहा जणांनी विचारला, तर अकराव्या डब्यावर बालाघाट छापलं जाईल. कॉफीच्या पाकिटावरही गावाचं नाव गिऱ्हाइकाने मागितलं म्हणूनही आलं.